मेलं की द्यायचं

त्रिशला मगदूम कुठल्याही व्हिडिओ गेमला तीनच निकाल द्यायची: घ्या, मागून आणा, राहू द्या. चांदण्या नाहीत, दहापैकी साडेसात नाहीत. मराठीत गेमवर लिहिणारे मधल्या काळात पुष्कळ आले आणि चांदण्या वाटता वाटता अंतर्धान पावले, पण त्रिशलाचं 'घ्यावा का?' हे सदर टिकलं. कारण बाई फुकटचं कौतुक करत नसे. एका गेमच्या जाहिरातींनी अख्खं पुणे झाकून गेलं होतं, तेव्हा तिनं एवढंच लिहिलं होतं, "दिसतो छान. राहू द्या."

'मागून आणा' हा निकाल तिच्या लहानपणातून आलेला. जयसिंगपुरात गल्ल्यांना नंबर आहेत. मगदुमांचं घर सातव्या गल्लीत. तिथे गेमच्या कॅसेट विकत कमी आणि मागून जास्त आणल्या जात. पिवळ्या प्लॅस्टिकची ती कॅसेट, तिच्या पोटात फुंकर मारायची, सेटमध्ये दाबायची, टीव्हीचं चॅनेल जुळवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. चित्र आलं तर आलं, नाही आलं तर पुन्हा फुंकर. फुंकरीनं काही होत नाही हे पुढे शास्त्रज्ञांनी सांगितलं, पण शास्त्रज्ञांना कोण विचारतो!

तिची कसोटीही तिथलीच. गेम चांगला कशावरून ओळखायचा, असं कुणी विचारलं की ती सांगायची, "खेळ संपल्यावर कुणाला तरी सांगायला धावत सुटावंसं वाटलं, तर घ्या. एकट्यानं खेळला आणि एकट्यातच जिरला, तर राहू द्या." तिचा तो 'कुणीतरी' म्हणजे भरतेश, तीन वर्षांनी धाकटा भाऊ. तो अजून सातव्या गल्लीतच राहत होता, मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं, दुकान चालवत होता. दर रविवारी सकाळी बहीण-भावांचा फोन व्हायचा. आई-वडील गेल्यावर तर त्या फोनला खाडा नव्हता. त्रिशलाच्या नवऱ्याला गेम म्हटलं की जांभई यायची. तिच्या लहानपणाचा साक्षीदार असा जगात हा एकच माणूस उरला होता.

मग 'मनमेळ' आला.

कंपनीचा इंजिनिअर मृण्मय दोन खोकी घेऊन स्वतः तिच्या वारज्याच्या घरी आला. पोरगा हुशार होता आणि हुशार पोरांसारखाच घाईत होता. त्यानं कपाळावर बांधायचा एक मऊ पट्टा आणि एक रिमोट टेबलावर ठेवला.

"मॅडम, जिना उतरताना आपण आणखी एक पायरी धरून चालतो आणि ती नसते. तेव्हा कसं धस्स होतं?"

"होतं की."

"ते धस्स म्हणजे मेंदूचा अंदाज चुकला. मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. तो जरा जरी चुकला तरी आत बारीक धक्का बसतो. आपल्याला कळतही नाही. हा पट्टा ते धक्के मोजतो. रिमोट तळहाताचा घाम आणि नाडी बघतो. तुम्ही एखाद्या जुन्या खेळाची आठवण काढायची. मशीन अंदाजानं एक चित्र काढणार. तुमच्या मेंदूला धक्का बसला की खोडणार, दुसरं काढणार. पोलिसांचा चित्रकार विचारतो ना, नाक असं होतं की तसं? तेच. फक्त इथे साक्षीदाराला तोंड उघडावं लागत नाही."

"म्हणजे मी विसरलेला खेळही निघेल?"

"विसरता तुम्ही. तुमचा अंदाज विसरत नाही," मृण्मय म्हणाला. हे वाक्य त्यानं बहुधा आधीही बऱ्याच ठिकाणी टाकलेलं असावं.

त्रिशलाला कुठला खेळ हवा, हे विचारायची गरजच नव्हती. छत्रीवाला! एक बुटका माणूस, हातात छत्री. वरून दगड पडायला लागले की छत्री डोक्यावर धरायची, कड्यावरून उडी मारली की छत्री उघडून तरंगत खाली यायचं. सहाव्या स्टेजला पूल, त्याच्या फळ्या पाय ठेवला की कोसळायच्या. शेवटी मनोऱ्यावर एक अवाढव्य गिधाड. ते गिधाड काही त्यांना कधी मारता आलं नाही. गेम साठवून ठेवायची सोय नव्हती. मेलं की पुन्हा पहिल्यापासून. कॅसेटवरचा कागद त्यांच्या हातात येण्याआधीच निघालेला आणि पडद्यावरची अक्षरं कुणालाच न वाचता येणारी, त्यामुळे खेळाचं खरं नावही माहीत नाही. पुढे कधीतरी घराला चुना देताना ती कॅसेट गेली. त्रिशलानं जगभरच्या शौकिनांना विचारून झालं होतं. असा खेळ कुणी पाहिलेलाच नव्हता.

तिनं पट्टा बांधला. आधी नुसता करडा पडदा, मग एक ठिपका, मग त्या ठिपक्याला पाय. पाय लांब झाले, आखूड झाले. काहीतरी उघडलं आणि मिटलं. नाही, असं नाही, असं ती मनात म्हणायच्या आत चित्र बदलत होतं. चहा निवून गेला. आणि एका क्षणी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून लाल छत्री घेतलेला तो बुटका टुणटुणत आला आणि उभा राहिला, जणू काल संध्याकाळीच घरी गेला होता. छपन्न वर्षांची त्रिशला मृण्मयसमोर ढसाढसा रडली. मृण्मयनं घाईघाईनं घड्याळात पाहिलं आणि निरोप घेतला.

त्या दिवशी ती पुलावरून गेली, दगडांच्या पावसातून गेली, मनोऱ्यावर चढली आणि तिनं गिधाड मारलं. पहिल्याच डावात! खेळ संपला तेव्हा तिला धावत सुटावंसं वाटलं. कसोटी पार पडली होती. निकाल ठरला होता: घ्या. दुसरं खोकं तिनं कुरियरनं जयसिंगपूरला पाठवलं.

पुढच्या रविवारी फोनवर दोघं एकमेकांना बोलूच देईनात.

"अक्का, अगं तो पूल! फळ्या बघ, पाय ठेवला की धाडकन!"

"निळा पूल! आणि खाली ते मगरीचं तोंड!"

"निळा कुठला? लाल होता की."

"निळा रे. छत्री लाल, पूल निळा."

"छत्री हिरवी. तुझे डोळे तपासून घे," असं म्हणून भरतेश हसला. तीही हसली. प्रत्येकाच्या पट्ट्यानं प्रत्येकाचा पूल रंगवला, एवढंच. त्यात काय मोठंसं?

त्याच्या पुढच्या रविवारी हसू जरा कमी झालं.

"गिधाड मी मारलं," त्रिशला म्हणाली.

"तू? तू कवा मारलंस? ऐन गिधाडापाशी तू उठून जायचीस की."

"मी उठत नव्हते, भरतेश. लाइट जायची."

"लाइट रोज अकराला जायची व्हय? मुन्शिपाल्टीचा भोंगा हाय का तो?" त्याच्या आवाजात धार आली. "तू उठायचीस. आईची हाक आली की रिमोट टाकून जायचीस. मी बसायचो एकटाच."

"आई मलाच हाक मारायची, तुला नाही! ताटं घे, पाणी भर. तू पोरगा, तू बसून राहायचास."

"मग सांगायचं हुतंस आईला. मला बोलून काय उपयोग? पुण्यालाबी तशीच गेलीस. डाव अर्ध्यात टाकून."

"मी शिकायला गेले होते."

"मी कुठं न्हाई म्हणतोय? पर काल मी गिधाड मारलंय. एकट्यानं. मशीन डोक्यातलंच काढतंय न्हवं? म्हणजे तवाबी मला जमत हुतं. तुझ्याबिगर."

"मीही एकटीनंच मारलंय," ती म्हणाली आणि तिनं फोन आपटला. एरवी भावंडांच्या भांडणाला एक सोय असते. कुणाकडेच पुरावा नसतो, म्हणून दोघंही थोडं थोडं खोटं बोलतात आणि जेवायला बसतात. इथे दोघांच्याही हातात पुरावा होता, चालता-बोलता, छत्री घेऊन उड्या मारणारा.

तिसऱ्या रविवारी भरतेशनं फोन उचलला नाही. चौथ्याला उचलला तो त्याच्या बायकोनं, पद्मजानं.

"ताई, राग मानू नका, पण ते तुमच्याशी बोलणार नाही म्हणतात. सकाळी खेळायला बसतात, दुकान दुपारी उघडतात. रोज त्या गिधाडाला मारतात. माझ्याशी नीट आहेत, पोरांशी नीट आहेत. फक्त तुमचं नाव निघालं की म्हणतात, अक्काला काही माहीत न्हाई, मला सगळं कळलंय आता." पद्मजानं आवाज खाली आणला. "काय कळलंय ते मात्र सांगत नाहीत."

माणूस मेला तर निदान रडता येतं. इथे भाऊ जिवंत होता, नीट होता, आणि त्रिशलाशिवायचं लहानपण रोज सकाळी नव्यानं जगत होता. आणि ते खोकं तिनंच पाठवलं होतं, हौसेनं, वर मोठ्या अक्षरात 'सांभाळून' लिहून. हे असंच चाललं, तर काही दिवसांनी सातव्या गल्लीतल्या त्या घरात ती कधी नव्हतीच असं होणार होतं.

तिनं मृण्मयला फोन लावला. तो निकालाची वाट बघत होता. आवाज एकदम गोड झाला.

"मला एक सांग. तुमच्या मशीनमध्ये मी मरत का नाही?"

"म्हणजे?"

"लहानपणी मी पुलावर धडाधड मरायचे. इथे महिनाभर खेळतेय, एकदाही मेले नाही."

"हां, ते! आम्ही आधी जशीच्या तशी आठवण देत होतो. लोक कंटाळायला लागले. आठवणीत कंटाळा पण असतो, मॅडम. म्हणून वर दुसरी चाळणी लावली. खेळताना मनाला जे खटकतं ते मशीन हळूहळू काढून टाकतं. हरणं, थांबणं, वाट बघणं."

त्रिशलाला घरचा जुना सेट आठवला. त्यांच्या सेटला दोन रिमोट होते. दुसरा पहिल्याच आठवड्यात भरतेशनं हंड्यात बुडवला होता. धुवून स्वच्छ करायला म्हणून. उरला एक. मग घरात कायदा झाला: मेलं की द्यायचं. खेळणाऱ्याचा माणूस मेला की रिमोट दुसऱ्याच्या हातात. रडायचं नाही, 'हा डाव धरायचा नाही' म्हणायचं नाही. मग त्याचा माणूस मरेपर्यंत शेजारी मांडी घालून बसायचं, ओरडायचं, शिकवायचं आणि मनातल्या मनात तो मरायची वाट बघायची. लहानपणचा अर्धा वेळ तिनं खेळण्यात नव्हे, वाट बघण्यात घालवला होता. आणि मशीननं नेमकी ती वाट खटकतेय म्हणून काढून टाकली होती. वाट गेली, तिच्याबरोबर शेजारी बसलेला भाऊ गेला.

"आणि दोघांनी एकाच मशीनवर खेळलं तर? पट्टा आलटून पालटून बांधून?"

"अजिबात नको! माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय. मशीनला वाटतं माणूस एकच आहे आणि त्याचं डोकं फिरलंय. एकाला गोड ते दुसऱ्याला खटकणार, मग वरची चाळणी काहीच ठरवू शकत नाही. दोघांचा अंदाज जिथे जुळतो तेवढंच उरतं. बाकी चित्राची पार वाट लागते."

"आमच्याकडे चित्राची वाट लागलेलीच असायची," त्रिशला म्हणाली आणि तिनं दुसऱ्या दिवशीच्या बसचं तिकीट काढलं.

जयसिंगपूरला पाय ठेवला की तिच्या तोंडातलं 'आले' जाऊन 'आलो' व्हायचं. स्टँडवरून ती चालतच सातव्या गल्लीत आली. गल्ली बदलली होती; गच्च्यांवर सौरपत्रे, कोपऱ्यावर गाड्या चार्ज करायचा खांब. घर मात्र तेच होतं. पुढच्या खोलीत भरतेश कपाळाला पट्टा बांधून बसला होता. पोट सुटलेलं, केस पांढरे, आणि चेहऱ्यावर दहा वर्षांच्या पोराचं समाधान. पडद्यावर हिरवी छत्री, लाल पूल.

"कवा आलीस?" त्यानं नजर न हलवता विचारलं.

"आत्ता आलो. पाणी देतोस का मीच घेऊ?"

पद्मजानं पाणी आणलं. भरतेशनं गिधाड मारलं, मग रिमोट खाली ठेवला. "भांडायला आली असशील तर बोल. मला दुकान उघडायचंय."

"भांडायला न्हाई. एक डाव खेळायला आलोय. तुझ्या मशीनवर, दोघांनी."

"पट्टा एकाचाच असतोय."

"रिमोटबी एकच हुता की आपल्याकडं. मेलं की द्यायचं. पट्टासुद्धा."

"बिघडतंय ते. लिहिलंय त्यात."

"बिघडू दे. काय रे, भीती वाटायलीय व्हय? माझा पूल निळा निघंल म्हणून?"

हे वर्मी लागलं. भरतेशनं पट्टा काढला, घाम पुसला आणि तिच्या हातात दिला. "तू पाहुणी. पहिला डाव तुझा." मग काही आठवल्यासारखं सोफ्यावरून उठून तो खाली फरशीवर मांडी घालून बसला. तीही गुडघे सांभाळत त्याच्या शेजारी बसली.

सुरुवातीला चित्राची खरंच वाट लागली. छत्री लाल होई, हिरवी होई. बुटका कधी लांब होई कधी आखूड. दगड जागच्या जागी थरथरत राहत. आणि त्रिशला तिसऱ्याच दगडाला मेली. मनमेळवर आयुष्यात पहिल्यांदा!

"मेलीस! दे."

"अरे पण तो दगड..."

"दे म्हणतो ना!"

तिनं पट्टा आणि रिमोट दिला. तो उडी मारताना मेला. मग ती. मग तो. मशीन गोंधळलं होतं; त्याला हा चंचल माणूस काही केल्या उमगेना. पण जसजसे डाव होत गेले तसतसं चित्र ठरत गेलं. दगड जिथे पडायला हवेत तिथे पडू लागले. भरतेश "छत्री! छत्री उघड की!" म्हणून तिच्या दंडाला ढोसू लागला आणि ती "हात लावायचा न्हाई, आईला सांगीन" म्हणाली. म्हणताना तिच्या लक्षात आलं की सांगायला आई नाही. पण तेवढ्यात उडी आली आणि मारावी लागली.

पद्मजा चहा घेऊन आली, दोघांची तऱ्हा बघून तिथेच बसली.

सहावी स्टेज आली. पूल आला. पूल निळा झाला, लाल झाला, निळा झाला, आणि मग त्यातला रंगच हळूहळू निघून गेला. पुलाबरोबर छत्रीतला गेला, आकाशातला गेला. सगळं चित्र काळं-पांढरं झालं.

"बिघडलं बघ," भरतेश म्हणाला.

त्रिशला पडद्याकडे बघत राहिली. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. "भरतेश! अरे, आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट हुता!"

रंगीत टीव्ही आला तो त्रिशला पुण्याला गेल्यावर. दोघांनी आयुष्यात कधी ना निळा पूल पाहिला होता, ना लाल. महिनाभर ज्या रंगावरून ती दोघं एकमेकांना खोटं ठरवत होती, तो रंगच नव्हता. भरतेश एवढा हसला की त्याच्या हातून बुटका पुलाखाली मगरीच्या तोंडात गेला आणि त्यानं काहीही न बोलता पट्टा काढून अक्काच्या हातात दिला.

पुढे त्रिशलानं जो निकाल लिहिला, तो वाचून कंपनीवाले बुचकळ्यात पडले. 'एकच घ्या. दोघांत.' पण त्या सकाळी तिच्या डोक्यात निकाल वगैरे काही नव्हतं. तिच्या डोक्यात गिधाड होतं.

मनोरा आला. ती पायरी पायरीनं चढली. भरतेश तिच्या खांद्याला खांदा लावून पुढे झुकला होता. वर काळ्या आकाशात गिधाडानं पंख पसरले. पहिला वार चुकवला. दुसरा चुकवला.

"आता," भरतेश कुजबुजला. "आता चोच खाली आणंल. तवाच हाण."

गिधाडानं चोच खाली आणली, आणि पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या.

आडव्या, तुटक्या, सळसळणाऱ्या रेघा. वरून खाली सगळं चित्र भरून गेलं. गिधाड दिसेना, बुटका दिसेना. टीव्हीतून घर्रर्र असा आवाज येऊ लागला, थांबला, पुन्हा आला. आणि दोघांनीही, पडद्यावरची नजर न काढता, मान मागे करून, एकाच दमात, लहान पोरांच्या वैतागलेल्या आवाजात स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारली:

"आई, मिक्सर बंद कर की!"

पद्मजा दचकून उभी राहिली. "मिक्सर? कुणी लावला? मी इथेच आहे."

लहानपणी सुट्टीच्या दिवसांत सकाळी वडील तंबाखूच्या वखारीवर गेले की दोघं खेळायला बसायची. गिधाडापर्यंत पोचायला अकरा वाजायचे. आणि बरोबर तेव्हाच आई शेंगदाण्याची चटणी करायला मिक्सर लावायची. तो मिक्सर म्हणजे घरातलं आईचं एकुलतं एक यंत्र. सकाळी पुसायची, वर भरतकामाचं कापड घालायची. तो लागला की टीव्हीवर रेघा यायच्या आणि त्या रेघांआड गिधाड बुटक्याला मारून टाकायचं. रोज. ना लाइट जायची, ना कुणी डाव टाकून उठायचं. आईची चटणी व्हायची, एवढंच. दोघंही हे साफ विसरून गेली होती. एकट्या एकट्याच्या मशीननं खटकतंय म्हणून त्या रेघा पुसल्या होत्या. दोघांच्या डोक्यात मिळून जे उरलं, त्यात त्या होत्या.

"मिक्सरच्या मोटारीतले कार्बन झिजले हुते," भरतेश म्हणाला. मोटारींचा माणूस तो. "म्हणून एवढ्या रेघा. दोन मिनिटांचं काम हुतं, अक्का. मला तवा येत नव्हतं."

त्रिशलानं बटण दाबलं नाही. रिमोट हातात धरून ती ऐकत राहिली. घर्रर्र. मध्ये थांबणं, म्हणजे आईनं झाकण काढून चमच्यानं खालचं वर केलं असणार. पुन्हा घर्रर्र. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तिला ते पुसायचं नव्हतं, कारण हात हलवला तर मशीनला काय वाटेल कुणास ठाऊक. भरतेशनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. तोही ऐकत होता.

मग आवाज थांबला. रेघा खालून वर विरत गेल्या. चटणी झाली होती. स्वच्छ काळ्या-पांढऱ्या पडद्यावर गिधाड पंख हलवत होतं, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी बुटका छत्रीसकट पालथा पडला होता.

मग भरतेशनं नाक ओढलं, बाहीनं डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"मेलीस," तो म्हणाला. "दे."